तीन काठ्या पुरे होत्या

तीन काठ्या पुरे होत्या. हे वाक्य मी अगदी सुरुवातीलाच, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून, खणखणीत आवाजात उच्चारलं होतं. दुर्दैवाने ते ऐकायला घरात फक्त आमचा कुत्रा बटरबीन होता, आणि तो साक्षीला उभा करण्यासारखा प्राणी नाही. पावाचा तुकडा दाखवला की तो कुणाच्याही बाजूने बोलतो.

माझा हिशेब सोपा होता. कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीत, सीटच्या मागे काठ्या उभ्या खोचायला तीन नळ्या असतात, म्हणून तीन काठ्या. पहिली मध्यम कडक, म्हणजे हरकाम्या. जे आमिष बांधाल ते मुकाट फेकणारी. दुसरी टोकाला मऊ, बारीक तंगुसाची, ज्या माशांना नाक मुरडायची सवय असते त्यांच्यासाठी. आणि तिसरी सरळसरळ दांडगी, पाणगवतात दडी मारून बसलेल्या बासची मानगूट धरून त्याला बाहेर काढणारी. हरकाम्या, नाजूक आणि दांडगी. एवढ्या तिघींत अख्ख्या अलाबामातले बास मासे भागतात. हे मी स्वतःच्या अकलेने ठरवलं होतं. (मला अक्कल आहे हा शोध ताजा आहे. नववीपर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो कोपरापर्यंतच. यंदा शाळेच्या सभेत माइक हातात घेऊन बोलले, आणि तेव्हापासून माइक नसला तरी बोलते.)

आमच्या शाळेच्या बास-संघाने यंदा कयाकचा गट काढला आणि मी नाव दिलं. अट एकच: प्रत्येक मुलामागे घरचं नाहीतर ओळखीचं एक मोठं माणूस, वेगळ्या कयाकमधून, पाण्यावर हजर पाहिजे. माझं मोठं माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. डॅडी.

डॅडीची मोठी होडी होती, इंजिनवाली, लाल चमकीची. कारखान्याने एक पाळी बंद केली तेव्हा ती विकली गेली, आणि तिच्या पोटातल्या काठ्याही तिच्याबरोबर गेल्या. एक सोडून. ती एक गॅरेजच्या भिंतीवर, दोन खिळ्यांवर आडवी निजलेली असायची. तेव्हापासून डॅडी तळ्याकडे फिरकला नव्हता. किराणा आणायचा तरी तळ्यावरच्या पुलावरून न जाता वळसा घालून जायचा, आणि ममाने विचारलं तर म्हणायचा, पुलावर गर्दी असते. आमच्या गावात गर्दी म्हणजे एखादी रानटर्की पिल्लांसकट रस्ता ओलांडते ती.

तर मला स्पर्धेचा कप नको होता. म्हणजे, दिला असता तर घेतला असता. पण मला हवा होता तो डॅडी, पाण्यावर.

"डॅडी, येशील ना?" मी विचारलं. तो ट्रकच्या खाली निजून काहीतरी पिळत होता. बाहेर फक्त बूट दिसत होते.

"कशात बसून?" बूट म्हणाले.

"कयाकमध्ये. मिस ट्रूलवकडे एक जास्तीची आहे." मिस ट्रूलव आमच्या जीवशास्त्राच्या बाई आणि संघाच्या कोच.

"पोरी, मी होडीत ताठ उभा राहून मासे धरलेला माणूस. त्या प्लॅस्टिकच्या टबात तंगड्या पसरून बसायला मी काय आंघोळीला आलोय?"

"नाही, सर," मी म्हणाले; आमच्याकडे बापालाही सर म्हणतात. 'येणार नाही' असं तो म्हणालेला नाही, ही नोंद मी मनातल्या मनात वकिलासारखी करून ठेवली.

माझा टब, म्हणजे माझी कयाक, ममाने कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून उचलली होती. रंग वांग्याचा. आधीच्या मालकाने तिच्यात टोमॅटोची रोपं लावली होती, त्यामुळे ऊन तापलं की तिला अजूनही मातीचा वास येतो. पण तरंगायची झकास.

आता काठ्या. त्या मी नीट, एकेक करून जमवल्या असत्या. पण ममाने बुधवारच्या चर्चच्या जेवणात, प्रार्थनेसाठी कुणाकुणाची नावं घ्यायची हे पाळकांनी विचारल्यावर, हात वर केला. ममाचा हात पूर्ण वर जातो. "माझ्या टॅन्सीला मासेमारीच्या काठ्या मिळू देत," ती म्हणाली. त्या संध्याकाळी आमच्या चर्चने देवापुढे ज्या अडचणी ठेवल्या त्या क्रमाने अशा: एक गुडघा, एक घटस्फोट, दुष्काळ, आणि टॅन्सी हॉलिफिल्डच्या काठ्या. बाकीच्या तिन्ही अजून तशाच आहेत. माझी मात्र लगेच ऐकली गेली.

"तीन कशाला, बाळा?" समोर बसलेले डीकन प्रुइट म्हणाले. ते आमचे शेजारी आणि चर्चमधले वडीलधारे. त्यांनी चिकन कॅसरोलचा काटा हवेत धरला होता. "एकच घे. कडक, लांबलचक. रबरी बेडूक बांधायचा आणि गवतावरून ओढत आणायचा. देवाने बासला तोंड दिलंय ते बेडकासाठी."

"अगं, त्याचं ऐकू नकोस," पलीकडून मिस व्हर्नेल म्हणाल्या. त्या दुसऱ्या बाजूच्या शेजारी. "जन्मभर बेडूकच ओढतोय, आणि घरी काय आणतो? सर्दी. मासा म्हणजे नवरा गं. जोरात ओढला की पळतो. मऊ टोकाची घे. हळूहळू खेळव, त्याला वाटलं पाहिजे आपणच आलो."

"म्हणून तुमचे तिन्ही नवरे पळाले वाटतं," डीकन म्हणाले.

"पळाले नाहीत. मी सोडून दिले. मापात बसत नव्हते."

पाळकांनी घाईघाईने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

त्या आठवड्यात आमच्या पोर्चवर काठ्यांचं रान उगवलं. डीकनची कडक आली. मिस व्हर्नेलची मऊ आली, ती त्यांच्या दुसऱ्या नवऱ्याची होती आणि जाताना तो विसरला होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी एक पाठवली, तिच्यावर फुलपाखरं. प्रत्येकीबरोबर उपदेश आला, आणि उपदेशाच्या शेपटाला एक वाक्य: "सावकाश वापर, पण जपून हं."

"ममा, नळ्या तीनच आहेत," मी म्हणाले.

"लोकांनी प्रेमाने दिलंय. नाही कसं म्हणायचं? उद्या कॅसरोलचं भांडं परत करताना मी काय तोंड दाखवू?"

ममाच्या जगात सगळे प्रश्न शेवटी कॅसरोलच्या भांड्यापाशी येतात. मग मी दुधाचा रिकामा क्रेट घेतला, त्याला प्लंबिंगच्या पाइपांचे तुकडे बांधले, आणि कयाकच्या पाठीवर ठेवून दिला. आता हव्या तेवढ्या काठ्या मावणार होत्या. मोठमोठी साम्राज्यं अशीच बुडाली असणार: आधी नळ्या वाढवल्या असणार.

सामान तपासायला ते शाळेत न्यायचं होतं. ऑफिसात मिसेस ग्रिम्स्ली बसतात. त्यांनी माझा डबा उघडायला लावला.

"हे काय?"

"गळ, मॅम."

"धारदार?"

"बोथट असते तर मासे हसले असते, मॅम."

मिसेस ग्रिम्स्ली हसल्या नाहीत. शाळेत धारदार वस्तू आणणं म्हणजे शस्त्र आणणं. माझ्या रबरी गांडुळांसकट डबा ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद झाला. तो सोडवायला मिस ट्रूलव, मग उपमुख्याध्यापक, मग पुन्हा मिस ट्रूलव अशी वारी झाली, कारण 'मासे' या शब्दाला त्यांच्या नियमांत कुठेच जागा नव्हती. शेवटी माझे गळ 'जीवशास्त्राचं साहित्य' म्हणून सुटले. डबा हातात देताना मिसेस ग्रिम्स्ली माझ्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "दांडगी काठी चांगली नाही तुझ्याकडे. माझ्या मिस्टरांची देते. पण जपून हं."

त्याच दिवसांत एका संध्याकाळी गॅरेजमधून करवतीचा आवाज आला. दार बंद होतं. जेवणाच्या वेळी डॅडी बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टावर बुचाचा भुसा होता. सकाळी पाहते तर भिंतीवरची ती एकुलती एक काठी माझ्या कयाकला टेकून उभी. पण तिचा दांडा, तंगूस गुंडाळायच्या रिळाच्या मागचा लांब भाग, चांगला वीतभर कापलेला. कापलेल्या टोकाला निळी टेप गुंडाळलेली.

"डॅडी, तुझी काठी मोडली?"

"मोडली नाही."

"मग अशी बुटकी का?"

"बसून फेकताना लांब दांडा पोटाला लागतो. लाइफ जॅकेटात अडकतो." एवढं बोलून तो कॉफी घेऊन निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मला माइकवर बोलता येतं, पण असलं ऐकू येत नाही. मी त्या काठीकडे पाहिलं आणि माझ्या मनात, खरं सांगते, एवढंच आलं: सगळ्यांसमोर ही बुटकी कशी मिरवू?

राहता राहिल्या दोऱ्या. काठी पाण्यात पडली तर बुडू नये म्हणून तिला जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्याची दोरी लावून कयाकला बांधायची असते. दुकानात उरलेल्या सगळ्या दोऱ्या आम्ही आणल्या. एक कमी पडली.

"आधी लोकांच्या बांध," ममा म्हणाली. "आपली काय, घरचीच आहे."

आणि मी, अक्कल असलेली मी, मान डोलावली. आम्ही सभ्य माणसं. डीकनची बांधली, मिस व्हर्नेलच्या पळालेल्या नवऱ्याची बांधली, फुलपाखरांची बांधली, मिस्टर ग्रिम्स्लींची तर दोनदा गाठ मारून बांधली. डॅडीची नुसतीच खोचली.

स्पर्धेच्या सकाळी डॅडीने ट्रकमधून माझी वांगी कयाक उतरवून दिली. मिस ट्रूलवची जास्तीची कयाक धक्क्यावर रिकामी पडली होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्याने कॉफीच्या कपात पाहिलं. माझं मोठं माणूस म्हणून डीकन प्रुइट आले होते, पायाने चालवायच्या त्यांच्या हिरव्या कयाकमध्ये, चर्चच्या टोपीसकट.

निघणार एवढ्यात मिस व्हर्नेल धावत आल्या. हातात झाकणाचा डबा. "भूक लागेल गं लेकराला. केळ्याचं पुडिंग आहे!"

धक्क्यावरची सगळी डोकी त्या डब्याकडे वळली. होडीत केळं म्हणजे अपशकुन, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. काही जणांनी आपल्या कयाका बाजूला ओढून घेतल्या.

"मी अंधश्रद्धा मानत नाही," डीकन माझ्या कानाशी म्हणाले. "माझा विश्वास एका देवावर. पण ते पुडिंग घेऊन माझ्यापासून जरा लांब राहा."

मला पुडिंग नाकारता आलं नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे. भांड्यामुळे.

पाण्यावर मी साळिंदरासारखी दिसत होते. पहिली घेतली डीकनची काठी. हात मागे नेला, तिचा लांब दांडा माझ्या लाइफ जॅकेटच्या काखेत शिरला, आणि रबरी बेडूक गवतावर जाण्याऐवजी थेट डीकनच्या टोपीवर बसला.

"बास नाही मी, बाळा," डीकन म्हणाले.

मग मिस व्हर्नेलची उचलली, तर तिच्या दोरीने फुलपाखरांची दोरी धरलेली, आणि तिने मिस्टर ग्रिम्स्लींची. एकीला हाक मारावी आणि सगळ्या बहिणींनी ओ द्यावी तसं झालं. सोडवायला गेले तर वेटोळ्यात वेटोळी अशी बसली की पोर्चवर टांगलेल्या घंटांसारख्या सगळ्या काठ्या एकमेकींवर आपटायला लागल्या. सकाळचा सगळा चांगला वेळ मी गाठी सोडवण्यात घालवला. दुसरी मुलं लांबवर फोटो काढताना दिसत होती. माझा मानभंग होत होता, आणि मागे बसून पुडिंग तो बघत होतं.

मोकळी एकच होती. जिला दोरी नव्हती ती.

पडक्या जेट्टीपाशी मी डॅडीची काठी हातात घेतली. फेकली. दांडा पोटाला लागला नाही, जॅकेटला लागला नाही, कुणालाच लागला नाही. हात नुसता फिरला, जणू कुणीतरी माझं माप घेऊन तो दांडा शिवला होता. आमिष जेट्टीच्या खांबाला चाटून पडलं, आणि पाण्याखालून कुणीतरी दार धाडकन लावावं तसा हिसका बसला.

"टोक वर!" डीकन ओरडले. "बाळा, टोक वर!"

मी आणला त्याला. माझ्या मांडीएवढा बास, रागाने लाल गलफडं उघडझाप करणारा. आता, कयाकच्या स्पर्धेत मासा घरी न्यायचा नसतो. मापाच्या फळीवर आडवा ठेवायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. पण फोटोचे नियम असे: तोंड मिटलेलं आणि फळीच्या कडेला टेकलेलं, शेपूट सरळ, त्या सकाळी स्पर्धकांना दिलेलं खुणेचं कार्ड दिसलंच पाहिजे, बोटांनी डोळा झाकायचा नाही. एका हाताने एवढं सगळं सांभाळायचं आणि दुसऱ्या हाताने फोन. काठी धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. मी ती गुडघ्यांवर आडवी ठेवली.

मासा उसळला. मी त्याला दाबला. तोंड मिटलं, शेपूट सरळ झाली, मी बटण दाबलं.

आणि उजवीकडे एक अगदी छोटा, लाजरा आवाज झाला. मी वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर फक्त वर्तुळं होती. मग मासाही फळीवरून घरंगळून त्याच वर्तुळांतून खाली गेला, जणू काठी पोचवायलाच आला होता.

माझ्या पाठीमागे लोकांच्या सगळ्या काठ्या आपापल्या दोऱ्यांना धरून सुखरूप उभ्या होत्या.

डीकननी वल्ह्याने खाली चाचपून पाहिलं. तळ लागला नाही. मग टोपी काढून म्हणाले, "मी मानत नाही. पण पुडिंगच."

माझा फोटो मान्य झाला. मी तिसरी आले. बक्षीस: एक नवी कोरी काठी, लांब दांड्याची. टाळ्या वाजल्या. मग एकेक जण आला. "माझी नीट आहे ना गं?" मिस व्हर्नेलनी विचारलं. नीट होती. फुलपाखरांना ओरखडा नव्हता. मिस्टर ग्रिम्स्लींची गाठ सोडवायला तर चाकू लागला.

डॅडी ट्रकपाशी उभा होता. मी त्याला काठीचं सांगितलं नाही, नुसता फोन पुढे केला. त्याने मासा पाहिला. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला, माशाचा नाही, उजव्या कोपऱ्याचा. तिथे, चौकटीच्या अगदी काठावर, पाण्यात शिरणारा एक आखूड दांडा होता आणि त्यावर निळी टेप.

"मोठा होता," तो म्हणाला.

"हो, सर."

"तोंड मिटून धरलंस त्याचं. ते भल्याभल्यांना जमत नाही."

"डॅडी, दोरी एक कमी होती. मी लोकांच्या बांधल्या."

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "लोकांच्या परत द्याव्या लागतात."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याची उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

घरी ममाने मला भांडी विसळताना सांगितलं. करवतीच्या त्या संध्याकाळी ती कपडे काढायला मागच्या बाजूला गेली होती आणि तिला खिडकीतून दिसलं: डॅडी गॅरेजमध्ये, सिमेंटच्या जमिनीवर, माझ्या वांग्याच्या रंगाच्या कयाकमध्ये तंगड्या पसरून बसलेला. अंगात माझं लाइफ जॅकेट, ते पुढून मिटत नव्हतं. हातात काठी. गवत कापायच्या यंत्राच्या दिशेने तो पुन्हा पुन्हा फेकीचा आव आणत होता, दांडा अडकला की थांबत होता, पेन्सिलीने खूण करत होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणाले.

"मला वाटलं, तो स्वतःच सांगेल. मला वाटलं, तो येतोय."

मी ते एकच भांडं बराच वेळ विसळत राहिले. लोकांचं होतं.

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर डॅडीने माझा फोन मागितला. फोटो पुन्हा मोठा केला, या वेळी मागचा भाग. "हा जेट्टीचा कडेचा खांब ना?" त्याने विचारलं. मग मिस ट्रूलवकडून ती जास्तीची कयाक आणली, दोराला तीन पाकळ्यांचा लोखंडी आकडा बांधला, आणि माझ्या देखत, त्रासिक चेहऱ्याने, टबात बसला.

"हसलीस तर याद राख."

"नाही, सर."

तेव्हापासून आम्ही दर रविवारी जातो. तो आकडा ओढतो, मी बाजूने वल्हवते. आतापर्यंत वर आलंय ते असं: एक बागेतली खुर्ची, डीकनचे दोन बेडूक, आणि एका बुटात राहणारा खेकडा, तो चिडला होता. आकडा जड लागला की दर वेळी मी वल्हं थांबवून वाकून बघते, आणि दर वेळी ती फांदी असते. डॅडी फांदी सोडवतो आणि पाण्यात टाकतो. मला वाटतं, काठी मिळणार नाही हे त्याला माझ्याआधी कळलं असावं. गाळ खोल आहे.

परवाच्या रविवारी निम्म्या तळ्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आकडा ट्रकमध्येच राहिला. मी गप्प बसले. डॅडीच्या मागच्या नळीत एकच काठी होती, माझ्या बक्षिसाची. जेट्टीपाशी त्याने ती काढली आणि फेकली. लांब दांडा त्याच्या पोटात बसला. तो शिवी गिळून पुन्हा फेकायला लागला. पुन्हा पोटात.

"कापून घे ना तिचा दांडा," मी म्हणाले.

"नको." त्याने रीळ फिरवलं. "एक कापली ती पुरे."

मी हात लांब करून त्या काठीची दोरी ओढून पाहिली. पक्की होती.